होडीभोवतीचा कोरा कागद

पत्नी पद्मजा गेल्यानंतर डॉक्टर सौमित्र पाटणकरांचा एकही दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही, असं अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींनी आपसांत ठरवून टाकलं होतं. पाटणकरांना कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी झूमवर प्रवचन, मंगळवारी मॉलमध्ये चालायला जाणं, बुधवारी कुणाकडे तरी जेवण, शुक्रवारी ब्रिज, आणि शनिवार-रविवार मराठी मंडळाचे. सगळी सूत्रं रत्ना वहिनींच्या हातात. रत्ना वहिनी पद्मजाची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच हिवाळ्यात मिनेसोटात आल्या, दोघींनी एकमेकींची मुलं सांभाळली, आणि शेवटी शेवटी पद्मजाचे केस विंचरायलाही त्याच यायच्या. त्यांना नाही म्हणणं पाटणकरांच्या जिवावर येई. मग ते जात. ताट हातात धरून बसत, बाकीचे हसले की हसत, आणि घरी आले की अंगातला कोट तसाच ठेवून दाराजवळच्या बाकावर बराच वेळ बसून राहत.

ते दमले होते. ही दमणूक एका दिवसाची नव्हती. पद्मजाच्या किडन्या गेल्या तेव्हापासून तिला डायलिसिसला नेणं-आणणं, तिचं मोजूनमापून पाणी, तिचं पथ्य, तिची चिडचिड, हॉस्पिटलचे फोन, सगळं त्यांनी कुरकुर न करता केलं होतं. ती गेली त्या दिवशी मनात आलं होतं, आता निदान झोप येईल. झोप आली नाही. माणसं आली.

पाटणकर मूळचे अकोल्याचे. नागपूरला डॉक्टर झाले, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच हॉस्पिटलमध्ये रेडिऑलॉजिस्ट म्हणून राहिले. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसून परक्या माणसांच्या छात्या आणि कवट्या पाहिल्या. बोलायची फारशी गरज पडली नाही. घरी ते काम पद्मजाकडे होतं.

"भाऊजी, गुरुवारची सकाळ तुमची मोकळीच आहे की!" रत्ना वहिनींना एकदा फोनवर शोध लागला.

"राहू दे ना वहिनी. एखादी सकाळ..."

"छे, छे! एकटं बसलं की माणूस नाही नाही ते विचार करतो. सीनियर सेंटरमध्ये चायनीज पेंटिंगचा क्लास सुरू झालाय. मी तुमचं नाव रजिस्टरसुद्धा केलं. आता कॅन्सल करू नका हं, प्लीज."

अशा रीतीने, गुरुवार भरून काढायचा म्हणून, पाटणकर वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसले.

शिकवायला मिसेस फँग होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, बुटक्या, वर्गातसुद्धा लोकरीची टोपी न काढणाऱ्या. तिकडे चीनमधल्या सूजो शहरात त्या कलाशाळेत शिकवायच्या; मुलगा इकडे नोकरीला आला आणि त्याच्यामागून त्या आल्या. इंग्रजी तोडकंमोडकं, पण त्यांचं कधी अडलं नाही. पहिले काही गुरुवार त्यांनी कुणाला ब्रश धरूच दिला नाही. काळ्या दगडावर थोडं पाणी घ्यायचं आणि शाईची कांडी त्यात गोल गोल उगाळत राहायची. सहाणेवर चंदन उगाळावं तसं. बाकीची मंडळी कंटाळली. पाटणकरांना मात्र बरं वाटलं. उगाळताना कुणाशी बोलावं लागत नव्हतं, आणि हात चालू असल्यामुळे कुणी "काय झालं?" असं विचारतही नव्हतं.

मग बांबू आला. कागद इतका पातळ, की ब्रश टेकला रे टेकला की शाई पसरायची, आणि एकदा पडलेली रेघ खोडायची सोय नाही. पाटणकरांनी एक बांबू काढला. शेजारी मोकळं दिसलं म्हणून दुसरा काढला. मग पानं, पानांमागे आणखी पानं, खाली गवत, वर एक डोंगर. तास संपेपर्यंत कागदावर बोट ठेवायला जागा उरली नाही. मिसेस फँग मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागदाच्या एका कोपऱ्यावर आपला सुरकुतलेला तळवा ठेवला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "या बांबूला वारा कुठून लागणार? तुम्ही सगळी दारं बंद केलीत."

पाटणकर ओशाळून हसले. पुढच्या गुरुवारी बाईंनी घरून एक गुंडाळी आणली आणि भिंतीवर टांगली. चित्र त्यांचंच, तरुणपणी काढलेलं. खालच्या अंगाला एक लहानशी होडी, होडीत पाठ वाकवून बसलेला एक माणूस, आणि बस्स. बाकी कागद कोरा. पाटणकरांची नजर जुन्या सवयीने आधी कोपऱ्यांत गेली. एक्स-रे वाचताना ते तसंच करायचे. मधला भाग सगळेच बघतात, चुका कोपऱ्यांत लपतात. चारही कोपऱ्यांत काही नव्हतं.

"हे अर्धवट राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग पाणी कुठं आहे?"

"होडी बुडाली का?"

पाटणकर बघत राहिले. होडी तरंगत होती. नीट पाहिलं तर पाणी होतंच. गार, संथ, पैलतीर न दिसणारं. एक रेघही न काढता ते तिथं होतं. त्यांना आठवलं की छातीच्या फिल्ममध्ये हाडं पांढरी दिसतात आणि फुप्फुसं काळी, कारण तिथे नुसती हवा. वर्षानुवर्षं ते रिपोर्टमध्ये "लंग्ज आर क्लिअर" असं लिहून पुढच्या फिल्मकडे वळले होते. माणूस ज्या जागेच्या जोरावर जगतो ती फिल्मवर रिकामी दिसते, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

वर्गात एक निवृत्त शाळामास्तरीण होती. ती म्हणाली, "म्हणजे कोपऱ्यात छोटंसं काहीतरी काढायचं आणि घरी जायचं. सोपं आहे की!"

मिसेस फँग हसल्या. त्यांनी दोन कोरे कागद घेतले. एकावर मधोमध एक पक्षी काढला, भरभर, कसाही. दुसऱ्यावर तोच पक्षी काढला पण खाली, कडेला, मान वर करून मोकळ्या बाजूकडे बघणारा. पहिल्या कागदावर पक्ष्याभोवती नुसता कागद होता. दुसऱ्यावर आभाळ होतं. बाई इंग्रजीत काहीतरी समजावत होत्या, पण पाटणकरांच्या मनात शब्द मराठीतच उमटले. पहिल्या कागदावरची जागा उरलेली आहे, आणि दुसऱ्यावरची सोडलेली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटली. घरी येऊन गॅरेजचं दार उघडेपर्यंत ते ती पद्मजाला कशी सांगायची याची जुळवाजुळव करत होते. दार उघडलं आणि मग आठवलं.

त्या आठवड्यात त्यांनी दिवाणखान्यातल्या भिंतीवरचं सगळं उतरवलं. सुरुवात एकाच फ्रेमपासून झाली, पुसायला म्हणून. ती काढल्यावर मागची भिंत दिसली. बाहेरच्या बर्फावरून येणारा अकरा वाजताचा उजेड तिच्यावर पडला होता. पाटणकर सोफ्यावर बसून तो बघत राहिले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना श्वास मोकळा लागल्यासारखं झालं. मग बाकीच्या फ्रेम, पितळी समई, मंडळाच्या स्मृतिचिन्हांचं कपाट, सगळं हललं. नंतर सोफा. एका संस्थेचा ट्रक येऊन तो घेऊन गेला. खोलीत एक खुर्ची राहिली.

जेवणाचं टेबल त्यांनी आर्य आणि अबोलीला दिलं. हे तरुण जोडपं मिशिगनमधल्या ट्रॉयहून नोकरी बदलून नुकतंच ईडन प्रेरीत आलं होतं. लहान मुलगी, भाड्याचं टाउनहाउस, आणि घरात धड सामान नाही. मंडळात ओळख झाली तेव्हा अबोली सहज म्हणाली होती, की आम्ही सध्या जमिनीवर पेपर पसरून जेवतो. पाटणकर म्हणाले, "माझं टेबल न्या." आर्यला वाटलं काका मस्करी करतायत. ओकचं भलंमोठं टेबल, आठ खुर्च्या. दुसऱ्या दिवशी मित्राची गाडी घेऊन तो आला, आणि टेबल गेलं.

घर हलकं झालं तशी पाटणकरांची नाही म्हणायची भीडही चेपली. बुधवारी बरं नाही म्हणाले. शुक्रवारी गाडी सुरू होत नाही म्हणाले. मग फोनच सायलेंटवर टाकला. दिवसभर ते त्या एका खुर्चीत बसत आणि भिंतीवरचा उजेड सरकताना बघत. भूक लागली की ओट्याशी उभ्या उभ्या दहीभात खात. कधी तोही करायचा राहून जाई. याला शांतता म्हणायचं की आणखी काही, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. विचारायलाही ताकद लागते.

एका दुपारी बेल वाजली. दारात रत्ना वहिनी, हातात खिचडीचा डबा. त्या बोलत बोलतच आत आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. त्यांचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला होता.

"अगंबाई! भाऊजी, चोरी झाली का हो?"

"नाही, नाही. मीच देऊन टाकलं."

"सगळं? का?"

"जागा हवी होती थोडी."

"कशासाठी?"

होडी, पक्षी, फुप्फुसं हे सगळं पाटणकरांच्या ओठांवर आलं, पण ते खिचडीचा डबा धरून उभ्या असलेल्या रत्ना वहिनींना कसं सांगायचं? ते नुसते हसले. त्या हसण्याने वहिनी जास्तच घाबरल्या. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, फ्रीज उघडला, आतलं दह्याचं एकुलतं भांडं पाहिलं, आणि "येते हं" म्हणून निघाल्या. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी प्रीताला फोन लावला.

प्रीता पाटणकरांची एकुलती मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, आता नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहते. एका हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर आहे. म्हातारी, खचलेली माणसं हे तिचं रोजचं काम. सगळ्या वस्तू वाटून टाकणं, लोकांना टाळणं, जेवण सोडणं, यातलं प्रत्येक लक्षण ऐकलं की काय करायचं हे तिला पाठ होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत. मुलं नवऱ्यावर सोपवून ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने निघाली आणि एअरपोर्टवरून टॅक्सी करून दारात येऊन उभी राहिली.

"तू? अचानक? कळवलं असतंस तर घ्यायला आलो असतो."

"बाबा, मी सहा वेळा कॉल केला."

ती बूट काढून घरभर फिरली. खाली, वर, तिच्या जुन्या खोलीत. बाथरूममधलं औषधांचं कपाट उघडल्याचा आवाज पाटणकरांना ऐकू आला. एकेक बाटली उचलून ती वाचत होती. ते खुर्चीत बसून राहिले. खाली येऊन ती त्यांच्यासमोर लाकडी जमिनीवरच मांडी घालून बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, आय हॅव टु आस्क यू धिस. तुम्ही स्वतःला काही करून घ्यायचा विचार करताय का?"

पाटणकरांना राग आला नाही. हा प्रश्न असाच, सरळ आणि डोळ्यांत बघून विचारायचा असतो, हे त्यांना डॉक्टर म्हणून माहीत होतं. पोरीने तो बरोबर विचारला होता. तिचे हात मात्र थंडगार होते.

"नाही," ते म्हणाले. "मला मरायचं नाहीये, प्रीता. पण मी इतका दमलोय, की जगायचंय असं म्हणायलाही जोर काढावा लागतो."

तिने मान खाली घातली. मग पाटणकरांनी आपलं आपणच सांगायला सुरुवात केली. बांबूचं, वाऱ्याचं, न काढलेल्या पाण्याचं. आतून कागद आणून दाखवले. प्रीताने ते पाहिले.

"सो... यू टर्न्ड अवर हाउस इंटू अ पेंटिंग."

"तसं नाही गं."

"मग कसं? आईचं टेबल कुठंय, बाबा?"

"त्या आर्यला दिलं. नवीन आलेत ते. गरज होती त्यांना."

"मला विचारलंत?" तिचा आवाज चढला. "एकदा कॉल करून विचारता आलं असतं! मी त्या टेबलावर वाचायला शिकले. आई भाजी चिरायची आणि मी समोर बसायचे. इट वॉज माइन टू! तुम्हाला एम्प्टी हवं होतं, फाइन. पण मी ख्रिसमसला मुलांना घेऊन आले असते तर मी त्यांना काय दाखवणार होते? वॉल?"

टेबल देताना पाटणकरांना तिची आठवणच झाली नव्हती, हे खरं होतं. दमलेल्या माणसाला आपल्या दमण्यापलीकडचं दिसत नाही. ते हळूच म्हणाले, "तिची खुर्ची समोर दिसायची. मी रोज ताट उचलून ओट्याशी जाऊन जेवायचो. मग म्हटलं टेबलच नको." थोडं थांबून ते पुढे बोलले. "त्या बाई शिकवतात, चित्रात जागा सोडायची. मला वाटलं, मला ते जमलं. पण तुझी आई गेली ती जागा मी सोडलेली नाही. ती नुसती उरलीय. मी कितीही सामान बाहेर काढलं तरी तिचं आभाळ होत नाहीये."

प्रीताला शेवटचं वाक्य पूर्ण कळलं की नाही, कुणास ठाऊक. पण वडील इतकं सलग बोलताना तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती उठली आणि रत्ना वहिनींची खिचडी गरम करायला गेली. दोघांनी ती जमिनीवर बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला टेबल बघायचंय." पाटणकरांनी आर्यला फोन केला. दारातच तो बिचारा गडबडला. "काका, तुम्हाला परत हवंय का? काहीच प्रॉब्लेम नाही, आम्ही लगेच..."

"नाही रे, बघू तर दे आधी."

टाउनहाउसच्या छोट्या खोलीत ते टेबल मावतच नव्हतं. एका बाजूला भिंतीला टेकवलेलं, दोन खुर्च्या जिन्याखाली कोंबलेल्या. वर लॅपटॉप, धुतलेले कपडे, रंगांचे खडू, अर्धी सोललेली संत्री. अबोलीची मुलगी टेबलावरच चढून बसली होती आणि एका कागदावर इतके रंग फासत होती, की खालचा कागद दिसेनासा झाला होता. अबोलीने घाईघाईने एक कोपरा मोकळा केला, पोहे केले, आग्रहाने बसवलं. प्रीता भिंतीकडच्या बाजूला बसली. तिने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि पोहे खाल्ले. मुलीने विचारलं, "डू यू वॉन्ट अ क्रेयॉन?" प्रीता म्हणाली, "शुअर."

निघताना आर्यने पुन्हा विचारलं. प्रीता म्हणाली, "राहू दे इथेच. वापरताय ना तुम्ही."

गाडीत ती रडली. मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. पाटणकर गाडी चालवत राहिले. पूर्वी असं कुणी रडायला लागलं की ते रेडिओ लावत, किंवा हवामानाबद्दल काहीतरी बोलत. आज रेडिओ बंदच राहिला. घर आलं तरी थांबले नाहीत. गोठलेल्या तळ्याला वळसा घालून जाणारा लांबचा रस्ता धरला आणि तिचं रडणं आपोआप ओसरेपर्यंत जात राहिले.

गुरुवारी प्रीता त्यांच्याबरोबर वर्गात गेली. तिला त्या चिनी बाईंना जाब विचारायचा होता, आणि तिने तो विचारलाही. वर्ग सुरू व्हायच्या आधीच, नम्रपणे पण स्पष्ट. माझ्या वडिलांनी तुमचं ऐकून सगळं घर रिकामं केलंय, तुम्हाला माहीत आहे का?

मिसेस फँग पाटणकरांकडे वळल्या. "घर?"

पाटणकरांनी मान हलवली.

बाई इतक्या हसल्या की टोपी सरकली. "डॉक्टर, मी कागदाबद्दल बोलत होते! माझ्या घरी या एकदा. मुलगा, सून, नातवंडं, त्यांची सायकल, त्यांचा कुत्रा. माझ्या पलंगावर सुद्धा खोकी आहेत. पाय ठेवायला जागा नाही." मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा मी वर्षभर काहीच काढलं नाही. कोरे कागद नुसते रचून ठेवले होते. त्याला कुणी चित्र म्हणणार नाही. होडी काढली की मग त्याचं पाणी होतं. एक तरी होडी हवी."

बाईंनी प्रीतासमोर दगड सरकवला, पाणी ओतलं, आणि शाईची कांडी हातात दिली. तास संपेपर्यंत ती नुसती उगाळत होती. तिने ब्रश मागितला नाही.

प्रीताने वडिलांना डॉक्टरकडे नेलं. स्वतः डॉक्टर असून त्यांनी दोन वर्षं रक्त तपासलं नव्हतं. थायरॉइड चांगलाच खाली गेलेला निघाला. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुमच्या थकव्याचा एक हिस्सा हा आहे आणि दुसरा दुःखाचा. पहिल्याला गोळी आहे. दुसऱ्यासाठी त्यांनी एका समुपदेशकाचं नाव दिलं, आणि प्रीताने पार्किंगमधूनच अपॉइंटमेंट घेतली.

आणि तिने रत्ना वहिनींना घरी बोलावलं. येताना वहिनींनी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या, बसायचं कुठे म्हणून.

"मावशी," प्रीता म्हणाली, "बाबांना इतकं सगळं जमत नाही. मंगळवारचं वॉक आणि रविवार. तेवढंच. बाकी त्यांना सोडून द्यायचं."

वहिनींचा चेहरा पडला. "मी काय त्रास द्यायला करत होते का गं?"

"नाही हो वहिनी," पाटणकर घाईने म्हणाले. "तुम्ही नसता तर मी..."

"थांबा भाऊजी." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "खरं सांगू? पद्मजा गेल्यापासून मलाच घरात बसवत नाही. तुमचा आठवडा लावता लावता माझा दिवस जायचा. सोमवारी कुणाला सांगायचं, बुधवारी कोण करणार. तुमच्यासाठी म्हणून सगळ्यांना फोन करायचे मी. तुमचं सगळं काढून घेतलंत, तर मी काय करू?"

पाटणकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतके महिने ही बाई आपल्याला फरफटत नेते आहे असं त्यांना वाटत आलं होतं. ती स्वतःच कशाला तरी धरून चालली होती, आणि ते कशाला तरी म्हणजे आपणच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते उठले, चहा टाकला, आणि तिघांनी घरातल्या एकुलत्या खुर्चीवर आणि त्या दोन घडीच्या खुर्च्यांवर बसून तो प्यायला. वहिनी पद्मजाच्या एका जुन्या फजितीची गोष्ट सांगू लागल्या, आणि सांगता सांगता मधेच गप्प झाल्या. कुणी ती पुरी करायला लावली नाही.

शनिवारी पाटणकर प्रीताला एअरपोर्टवर सोडायला गेले. बाहेर कडाक्याची थंडी, गाड्यांची रांग, मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"डू यू वॉन्ट मी टु स्टे? मी अजून रजा काढू शकते."

"नको. मुलं वाट बघतायत. मार्चमध्ये त्यांना घेऊन ये."

"गोळ्या?"

"घेईन."

"कॉल केला की उचलायचा."

"उचलेन."

"प्रॉमिस?"

"अगं हो, जा आता. तो मागचा उतरून मारायला येईल."

ती हसली, त्यांना घट्ट मिठी मारली आणि बॅग ओढत आत गेली. पाटणकर परत निघाले. हायवेवर बर्फाचा राडा झाला होता, वायपर सारखे चालवावे लागत होते. वाटेत पेट्रोल भरायला थांबले तर बोटं बधिर झाली. गाडीत बसून ती एकमेकांवर चोळता चोळता त्यांना एकाएकी जांभई आली. मग दुसरी. घरी पोहोचेपर्यंत डोळे जड झाले होते. त्यांनी चहा करायचा बेत सोडला, खिडकीशी ऊन पडलं होतं तिथे एक रजई अंथरली, आणि उशाला हात घेऊन आडवे झाले. त्यांना जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून गेलं होतं आणि शेजाऱ्याचं बर्फ उपसायचं यंत्र घरघरत होतं. अजून थकवा होताच. पण चार तास झोप लागली होती, आणि सडकून भूक लागली होती. त्यांनी उठून दिवा लावला आणि तांदूळ धुवायला घेतले.